फ्रेमशिफ्ट म्युटेशन समोर आलं की काय काय तपासायचं: नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

पुण्यात एमएससी बायोटेक, मायक्रो किंवा झूलॉजी करून एखाद्या डायग्नोस्टिक लॅबला लागलेल्या, किंवा गणेशखिंड-पाषाणकडच्या कुठल्या रिसर्च लॅबमध्ये प्रोजेक्ट करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला फ्रेमशिफ्टची व्याख्या तोंडपाठ असते. कोडिंग भागात तीनच्या पटीत नसलेले बेस घुसले किंवा गळले की रीडिंग फ्रेम सरकते, झालं. पण खरा व्हेरियंट, म्हणजे डीएनएमधला बदल, स्क्रीनवर आला की बहुतेक जण "फ्रेमशिफ्ट आहे, म्हणजे प्रोटीन बाद" एवढं लिहून मोकळे होतात, आणि हे वाक्य कधी बरोबर असतं, कधी अर्धवट असतं आणि कधी चक्क उलटं असतं. मी व्हेरियंट वाचण्याचंच काम करते, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींचं घोडं दरवेळी याच ठिकाणी अडतं, म्हणून क्रमाने लिहून काढतेय. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, फ्रेम कुठे सरकली यापेक्षा नवा स्टॉप कोडॉन कुठे पडतो ते जास्त महत्त्वाचं, पुढचं जवळपास सगळं त्यावर ठरतं.

आधी हाताशी काय काय हवं

- कागद, पेन्सिल आणि कोडॉन टेबलची प्रिंट. हो, कागदच. पहिले काही व्हेरियंट हाताने वाचल्याशिवाय सॉफ्टवेअरचं उत्तर बरोबर आहे का चूक ते तुम्हाला कळणारच नाही.
- जीनच्या ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे त्यावरून बनणाऱ्या एमआरएनएच्या प्रकाराचा, नंबर व्हर्जनसकट, आणि त्याची एक्झॉननिहाय लांबी. एनसीबीआय किंवा एन्सेम्बलवर फुकट मिळते.
- एक्सपॅसीचं ट्रान्सलेट टूल आणि नाव तपासायला म्युटॅलायझर.
- क्लिनव्हार आणि नोमॅड, म्हणजे हा व्हेरियंट आधी कोणाला दिसलाय का ते बघायला.
- सँगर सिक्वेन्सिंग केलं असेल तर मूळ क्रोमॅटोग्रामची, म्हणजे प्रत्येक अक्षराचे पीक दाखवणाऱ्या आलेखाची फाईल, फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही. नुसती अक्षरांची टेक्स्ट फाईल पुरत नाही.
- पेशंटचं सॅम्पल असेल तर संमतीपत्र आणि क्लिनिकल माहिती. ही नसेल तर पुढे जाऊच नका.

१. ट्रान्सक्रिप्ट कुठला ते आधी ठरवा

एकाच जीनचे अनेक ट्रान्सक्रिप्ट असतात आणि एकात जो एक्झॉन कोडिंग आहे तो दुसऱ्यात नसूही शकतो, त्यामुळे "अमुक जीनमध्ये फ्रेमशिफ्ट" हे वाक्य ट्रान्सक्रिप्टच्या नंबराशिवाय अपुरं आहे.

दुसरा घोळ जुन्या-नव्या मोजणीचा. सिकल सेलचा बदल पुस्तकात कोडॉन ६ वर आहे आणि रिपोर्टमध्ये ७ वर, कारण जुन्या पद्धतीत सुरुवातीचा मेथिओनीन धरत नव्हते आणि आता धरतात. बीटा ग्लोबिनचे जुने पेपर वाचताना हा एकचा फरक सतत लक्षात ठेवायला लागतो.

२. तीनने भागा, पण फक्त कोडिंग बेस

एक बेस गळला, दोन घुसले, चार गळले, तर फ्रेम सरकली. तीन, सहा, नऊ असेल तर सरकली नाही. सिस्टिक फायब्रोसिसमधलं सगळ्यात प्रसिद्ध म्युटेशन, ज्यात ५०८ नंबरचं फेनिलअ‍ॅलॅनीन जातं, ते तीन बेसचं डिलीशन आहे, म्हणजे फ्रेमशिफ्ट नाही, तरीही आजार गंभीर. त्यामुळे इन-फ्रेम, म्हणजे फ्रेम न सरकवणारं, दिसलं की "सौम्य असेल" असं धरून चालू नका.

आता यातला सापळा. बीटा थॅलेसेमियात आपल्याकडे ६१९ बेसचं एक डिलीशन दिसतं, सिंधी कुटुंबांमध्ये ते बरंच सापडतं, आणि पिंपरीत फाळणीनंतर वसलेला सिंधी समाज मोठा असल्यामुळे इथे काम करणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं. नवीन माणूस ६१९ ला तीनने भागतो, बाकी एक येते, म्हणतो फ्रेमशिफ्ट. पण हे डिलीशन इंट्रॉन २ मधून सुरू होतं आणि जीनचं शेवटचं टोकच घेऊन जातं, तिथे फ्रेमचा प्रश्नच उरत नाही, वाचायला पुढचा एक्झॉनच नाही. भागाकार करायचा तो फक्त कोडिंग बेसचा, आणि तोही दोन्ही बाजूंची स्प्लाइस साइट, म्हणजे एक्झॉन जोडले जातात ती खूण, शाबूत असेल तरच.

३. एक व्हेरियंट हाताने वाचून बघा

ही पायरी गाळू नका. भारतात बीटा थॅलेसेमियाची जी मोजकी म्युटेशन्स पुन्हा पुन्हा सापडतात त्यातलं एक जुन्या नावाने "कोडॉन ८/९ प्लस जी" आहे, नव्या नावाने एचबीबी, म्हणजे बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये सी.२७डूप. म्हणजे कोडिंग भागातला २७ नंबरचा जी दोनदा आला. कोडॉन ९ पासूनचं नॉर्मल वाचन असं:

एएजी टीसीटी जीसीसी जीटीटी एसीटी जीसीसी सीटीजी टीजीजी जीजीसी एएजी जीटीजी एएसी जीटीजी जीएटी जीएए

आता एएजी नंतर एक जी जास्त घाला आणि परत तीन-तीन पाडा:

एएजी जीटीसी टीजीसी सीजीटी टीएसी टीजीसी सीसीटी जीटीजी जीजीजी सीएए जीजीटी जीएए सीजीटी जीजीए टीजीए

शेवटचा टीजीए म्हणजे स्टॉप. मूळ फ्रेममध्ये तो कुठे होता बघा, "जीएटी जीएए" या दोन कोडॉनच्या सांध्यावर टी, जी, ए ही तीन अक्षरं सलग आहेतच, पण नॉर्मल रायबोसोमला ती कधी एकत्र दिसत नाहीत. फ्रेम एकने सरकली की दिसतात. जीनमध्ये असे लपलेले स्टॉप जागोजागी असतात, ६४ पैकी ३ कोडॉन स्टॉप आहेत म्हणजे बिनकामाच्या फ्रेममध्ये सरासरी एकवीसेक कोडॉनमागे एक स्टॉप भेटणारच, त्यामुळे फ्रेमशिफ्टनंतर प्रोटीन सहसा लांब जात नाही.

सेरीनच्या जागी व्हॅलीन आलं, मग सिस्टीन, आर्जिनीन, टायरोसीन, सिस्टीन, प्रोलीन, व्हॅलीन, ग्लायसीन, ग्लुटामीन, ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल, आर्जिनीन, ग्लायसीन आणि संपलं. १४७ अमिनो आम्लांची साखळी बनायची ती २२ वर थांबली, आणि त्या २२ मधली शेवटची १३ बीटा ग्लोबिनची नाहीतच.

४. नाव नीट लिहायला आणि वाचायला शिका

वरच्या व्हेरियंटचं प्रोटीनचं नाव आहे पी.सेर१०व्हॅलएफएसटर१४. यात सेर१० म्हणजे बदललेलं पहिलं अमिनो आम्ल, व्हॅल म्हणजे त्याच्या जागी आलेलं, आणि टर१४ म्हणजे त्या व्हॅलीनला एक धरून मोजलं तर चौदावा कोडॉन स्टॉप. जवळपास सगळे इथे चुकतात, १४ हा आकडा प्रोटीनच्या सुरुवातीपासूनचा समजतात आणि प्रोटीन १४ अमिनो आम्लांचं आहे असं लिहून टाकतात. खरी जागा काढायला १० मध्ये १४ मिळवा आणि एक वजा करा, म्हणजे २३ वा कोडॉन स्टॉप.

दुसरी गोष्ट, सारखी अक्षरं लागोपाठ असतील तर नेमकं कुठलं गळलं ते सांगता येत नाही, मग नियम असा की शक्य तितकं उजवीकडे, म्हणजे ३ प्राइम टोकाकडे सरकवून लिहायचं. बीआरसीए१ मधलं जुनं १८५डेलएजी आणि १८७डेलएजी ही दोन वेगळी म्युटेशन्स वाटतात, पण तिथे एजीएजी अशी जोडी आहे, कुठलीही एक जोडी काढा, उरतं तेच. आता दोन्हीला सी.६८_६९डेल म्हणतात. जुना पेपर आणि नवा डेटाबेस जुळत नाही म्हणून दिवस घालवण्याआधी हे तपासा.

५. क्रोमॅटोग्राम स्वतःच्या डोळ्यांनी बघा

वाहकामध्ये एक प्रत नॉर्मल आणि एक सरकलेली असते, त्यामुळे सँगरमध्ये म्युटेशनपर्यंत सगळं स्वच्छ येतं आणि तिथून पुढे एकावर एक दोन पीक. नवीन माणूस म्हणतो रिॲक्शन फेल गेली, परत लावा. थांबा, आधी वाचा. आपल्या उदाहरणात एएजी पर्यंत एकेरी पीक, मग टी वर जी, सी वर टी, टी वर सी, जी वर टी, सी वर जी, आणि त्यानंतर अचानक एक स्वच्छ सी, कारण त्या जागी दोन्ही प्रतींत सीच येतो. नीट बघा, प्रत्येक ठिकाणचं दुसरं अक्षर म्हणजे नॉर्मल प्रतीतलं आदल्या घरातलं अक्षर आहे. हा नमुना जुळला की एक बेस घुसलाय हे तुम्ही कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय सांगू शकता.

मग रिव्हर्स रीड बघा, तो पलीकडून स्वच्छ येऊन याच जागी बिघडायला हवा. जागा लांब सात-आठ किंवा जास्त सारख्या अक्षरांच्या ओळीनंतरची असेल तर सावध, तिथे पीसीआरमध्ये पॉलिमरेज स्वतःच घसरतो आणि खोटा इंडेल, म्हणजे बेस घुसल्या-गळल्याचा भास, दिसतो. गंमत म्हणजे पेशीतही डीएनए कॉपी होताना अशाच ओळींवर घसरण होते, खरी फ्रेमशिफ्ट म्युटेशन्स तिथेच जास्त सापडतात, म्हणून "आर्टिफॅक्ट असेल" म्हणून सोडूनही देता येत नाही. वेगळ्या प्रायमरने परत करून बघायचं.

६. एमआरएनए टिकतो का ते ठरवा

जीन एक्स्प्रेशनचा मुख्य भाग इथे आहे आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

स्प्लाइसिंग झालं की प्रत्येक एक्झॉन-एक्झॉन जोडाच्या साधारण २० ते २४ बेस आधी प्रोटीनचा एक गठ्ठा बसलेला राहतो, एक्झॉन जंक्शन कॉम्प्लेक्स. पहिला रायबोसोम वाचत जाताना हे गठ्ठे काढत जातो. नॉर्मल स्टॉप बहुतेक वेळा शेवटच्या एक्झॉनमध्ये असतो, म्हणजे तिथे पोचेपर्यंत सगळे गठ्ठे निघालेले असतात. पण स्टॉप लवकर आला तर पुढचे गठ्ठे तसेच राहतात, ते यूपीएफ१ वगैरे प्रोटीन मंडळींना खूण देतात आणि तो एमआरएनए तोडला जातो. याला नॉनसेन्स मीडिएटेड डिके म्हणतात, आपण एनएमडी म्हणू. म्हणजे बऱ्याच फ्रेमशिफ्टमध्ये तोकडं प्रोटीन बनून नंतर खराब होतं असं नसतं, मुळात एमआरएनएच कमी होतो.

ढोबळ नियम असा, नवा स्टॉप शेवटच्या एक्झॉन-एक्झॉन जोडाच्या ५० ते ५५ बेसपेक्षा जास्त अलीकडे असेल तर एनएमडी होईल असं धरा. शेवटच्या एक्झॉनमध्ये किंवा उपांत्य एक्झॉनच्या शेवटच्या पन्नासेक बेसमध्ये असेल तर एमआरएनए सुटतो. लक्षात ठेवा, मोजायचं ते नव्या स्टॉपपासून, म्युटेशनच्या जागेपासून नाही. म्युटेशन आधीच्या एक्झॉनमध्ये आणि स्टॉप शेवटच्या एक्झॉनमध्ये, असं होऊ शकतं आणि मग उत्तर पूर्ण बदलतं.

बीटा ग्लोबिनला तीन एक्झॉन आहेत, आणि याच जीनवर हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. पहिल्या-दुसऱ्या एक्झॉनमध्ये लवकर स्टॉप आला की एका प्रतीवाला माणूस सहसा नुसता वाहक राहतो, एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासणीत एचबी ए२ साडेतीन टक्क्यांच्या वर दिसतं, बाकी तो ठणठणीत असतो. पण फ्रेमशिफ्ट तिसऱ्या एक्झॉनमध्ये असेल तर एमआरएनए सुटतो, त्यावरून लांब, वेडीवाकडी, न टिकणारी साखळी बनते, ती लाल पेशींच्या पूर्वपेशींमध्येच साचून त्यांना मारते आणि मग एकाच प्रतीनेही थॅलेसेमियाचा आजार दिसू शकतो. तोच जीन, तसाच बदल, फक्त जागा वेगळी, आणि आनुवंशिकतेचा नमुनाच रिसेसिव्हचा डॉमिनंट झाला. कुटुंबाला सल्ला देताना हा फरक किती मोठा आहे याचा विचार करा.

नियमाला अपवादही आहेत. स्टॉप सुरुवातीच्या एटीजीच्या फार जवळ असेल तर एमआरएनए बऱ्यापैकी टिकतो, हे बीटा ग्लोबिनवरच्याच प्रयोगांत दिसलंय. आपला सी.२७डूपचा स्टॉप २३ व्या कोडॉनवर आहे, म्हणजे अगदी या हद्दीत, त्यामुळे ५० बेसचा नियम डोळे झाकून लावून "एमआरएनए शून्य" असं लिहू नका. प्रोटीनच्या बाजूने निकाल बदलत नाही, २२ अमिनो आम्लांच्या तुकड्याचं हिमोग्लोबिन होत नाही.

७. प्रोटीन बनलंच तर ते काय करेल

बहुतेक वेळा काहीच नाही. ओ रक्तगटाचं सगळ्यात जास्त आढळणारं रूप हे एका जी च्या डिलीशनमुळे झालंय, २६१ नंबरचा जी गळतो, फ्रेम सरकते, एन्झाइम कामाचं बनत नाही आणि ए किंवा बी ची साखर बसत नाही. तेवढ्याने माणूस आजारी पडत नाही, म्हणजे फ्रेमशिफ्ट आणि आजार हे समीकरणही डोक्यातून काढा.

पण कधीकधी सरकलेल्या फ्रेममधलं प्रोटीन नवीनच काम करायला लागतं. रक्ताच्या काही आजारांत, म्हणजे प्लेटलेट वाढणं किंवा मायलोफायब्रोसिसमध्ये, जेएके२ निगेटिव्ह आलं की सीएएलआर जीन बघतात. २०१३ साली ही म्युटेशन्स समोर आली, सगळी शेवटच्या एक्झॉनमध्ये, एक्झॉन ९. मुख्य दोन प्रकार, ५२ बेसचं डिलीशन आणि ५ बेसचं इन्सर्शन. दिसायला काही संबंध नाही. आता मोजा, ५२ काढले म्हणजे ५१ अधिक एक, फ्रेम एकने मागे, ५ घातले म्हणजे तीन अधिक दोन, दोनने पुढे, आणि तीनच्या चक्रात एक मागे आणि दोन पुढे ही एकच फ्रेम! म्हणून दोन्हीत प्रोटीनला तेच नवं शेपूट येतं, धन प्रभाराचं, आणि ते प्रोटीन थ्रॉम्बोपोएटिनच्या रिसेप्टरला चालू करून ठेवतं. इथे "प्रोटीन बाद" असं लिहिलं तर पूर्ण उलट अर्थ होईल.

८. फ्रेम परत जुळू शकते का तेही बघा

१९६१ साली क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी टी४ फाज या बॅक्टेरियाच्या विषाणूवर प्रोफ्लेव्हिन या रसायनाने एकेक बेस घालून-काढून दाखवलं की एक प्लस किंवा दोन प्लस असतील तर जीन बंद, तीन प्लस एकत्र आणले की काम परत सुरू. कोड तीन अक्षरांचा आहे हे तिथून दिसलं. हाच हिशेब आज उपचारात वापरतात.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत डीएमडी जीनचा एक्झॉन ५० गेला तर १०९ बेस जातात, तीनने भागून एक उरतो, फ्रेम सरकते, आजार तीव्र. शेजारचा एक्झॉन ५१ हा २३३ बेसचा. तोही स्प्लाइसिंगमध्ये गाळायला लावला तर एकूण ३४२, बरोबर ११४ कोडॉन, फ्रेम जुळली, मधला तुकडा नसलेलं पण दोन्ही टोकं असलेलं डिस्ट्रोफिन बनू शकतं, आजाराच्या सौम्य बेकर प्रकारासारखं. एटेप्लिर्सेन हे औषध याच कल्पनेवर आहे, अमेरिकेत २०१६ साली त्याला मंजुरी मिळाली. म्हणून डीएमडीच्या एमएलपीए (एक्झॉन गेलेत का ते मोजणारी तपासणी) रिपोर्टमध्ये "डिलीशन आहे" एवढंच लिहून चालत नाही, कुठले एक्झॉन, फ्रेम जुळते का, आणि कुठला गाळून जुळेल, तिन्ही लिहा. जिथे एक्झॉन फ्रेम नियम लावाल तिथे अपवादही असतात, पेशंटची तपासणी काय म्हणते ते सोबत वाचा.

९. प्रयोग करून खात्री करायची असेल तर

क्यूपीसीआरमध्ये एमआरएनए कमी दिसला तर तो एनएमडीमुळेच आहे का ते बघायला पेशींना सायक्लोहेक्झिमाइड देतात, भाषांतर, म्हणजे एमआरएनएवरून प्रोटीन बनणं, थांबलं की एनएमडीही थांबतो आणि एमआरएनए वर येतो. वर आला नाही तर कारण दुसरं आहे.

वेस्टर्न ब्लॉटला अँटीबॉडी कुठल्या भागाला चिकटते ते आधी वाचा. सी टोकाची, म्हणजे प्रोटीनच्या शेवटच्या भागाची अँटीबॉडी तोकडं प्रोटीन दाखवणारच नाही आणि तुम्ही "प्रोटीन नाही" असा निष्कर्ष काढाल. शक्य असेल तर एन टोकाचीही, म्हणजे सुरुवातीच्या भागाची, लावा.

क्रिस्परने नॉकआउट करणाऱ्यांसाठी, नुसता फ्रेमशिफ्ट सिक्वेन्स दिसला म्हणून नॉकआउट झालं असं नाही. पुढे फ्रेममध्ये दुसरा एटीजी असेल तर तिथून थोडं छोटं प्रोटीन सुरू होऊ शकतं, कधी पेशी तो एक्झॉनच गाळते. शिवाय २०१९ साली झेब्राफिश आणि उंदराच्या पेशींवर दिसलं की तुटणाऱ्या एमआरएनएमुळे सारख्या दिसणाऱ्या इतर जीन्सचं एक्स्प्रेशन वाढू शकतं, मग फेनोटाइप सौम्य दिसतो आणि जीन महत्त्वाचा नाही असा गैरसमज होतो.

१०. रिपोर्टमध्ये काय लिहायचं

क्लिनिकल लॅबमध्ये असाल तर २०१५ च्या एसीएमजी निकषांतला (व्हेरियंट आजार करतो का ते ठरवायचे निकष) पीव्हीएस१, म्हणजे जीन बंद पाडणाऱ्या बदलाचा सगळ्यात भक्कम पुरावा, लावण्याआधी तीन प्रश्न लिहून उत्तरं द्या: या जीनमध्ये काम बंद पडल्याने आजार होतो हे सिद्ध आहे का, एनएमडी अपेक्षित आहे का, आणि नसेल तर गेलेला भाग किती महत्त्वाचा आहे. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर फ्रेमशिफ्ट कितीही मोठा दिसला तरी पीव्हीएस१ लागत नाही. आणि घरच्या कोणाचा रिपोर्ट हातात असेल तर या लेखावरून स्वतः निदान करू नका, जेनेटिक काउन्सेलरकडे जा, वाहक असणं आणि आजारी असणं यातला फरक ते नीट समजावून सांगतात.

सरावाला

बीआरसीए१ चा सी.६८_६९डेल घ्या, एनसीबीआयवरून कोडिंग सिक्वेन्स उतरवा आणि हाताने वाचा. पहिलं बदललेलं अमिनो आम्ल २३ नंबरचं ग्लुटामिक आम्ल, त्याच्या जागी व्हॅलीन, आणि त्याला एक धरून स्टॉप १७ वा यायला हवा. १६ आला तर व्हॅलीन मोजायचं राहिलंय, आणि स्टॉप फारच लवकर आला तर एजीची जोडी एकाऐवजी दोनदा काढली गेलीय का ते बघा.